चार वर्षांत सगळी माणसे बदलतात, तरी चॅप्टर टिकतो कसा?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या बोलण्यात ‘फ्रॅट’, म्हणजे फ्रॅटर्निटी, हा शब्द हमखास येतो, आणि इकडे घरी बसलेल्या पालकांना तो बहुधा सिनेमातून किंवा एखाद्या वाईट बातमीतून ठाऊक झालेला असतो. दारावर ग्रीक अक्षरे लावलेला मोठा बंगला, शनिवारी रात्रीचा धिंगाणा आणि अधूनमधून अठरा-एकोणीस वर्षांच्या एखाद्या मुलाचा हकनाक मृत्यू, एवढेच त्या चित्रात असते. हे चित्र खोटे नाही. पण फ्रॅटर्निटी चालते कशी आणि दोनशे वर्षे तगली कशी, याचा उलगडा त्यातून होत नाही. तो करून घ्यायचा तर फ्रॅटर्निटीच्या एखाद्या चॅप्टरकडे जवळून पाहावे लागते. त्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात, १९०६ साली सुरू झालेला ‘अल्फा फाय अल्फा’ या संघटनेचा पहिला चॅप्टर मला सर्वांत सोयीचा वाटतो. तो स्थापन करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांजवळ ना बंगला होता, ना पैसेवाले माजी विद्यार्थी, त्यामुळे या यंत्रणेचा कोणता भाग कशासाठी असतो हे त्यांच्या गोष्टीत उघड दिसते.

आधी रचना समजून घेऊ. फ्रॅटर्निटी ही अनेक विद्यापीठांत पसरलेली विद्यार्थ्यांची संघटना असते आणि चॅप्टर ही तिची एका विद्यापीठातील शाखा असते. मध्यवर्ती संघटना चॅप्टरला सनद देते, त्याच्याकडून दरवर्षी वर्गणी घेते, नियम घालून देते आणि बेशिस्त झाली तर सनद काढूनही घेते. नवा सदस्य कोणाला करून घ्यायचे हे मात्र त्या त्या चॅप्टरमधील विद्यार्थीच ठरवतात, आणि एकदा मिळालेले सदस्यत्व जन्मभर राहते. मुलींच्या अशाच संघटनांना सोरॉरिटी म्हणतात. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असल्यामुळे दरवर्षी चॅप्टरमधील साधारण चौथा हिस्सा माणसे निघून जातात आणि चार वर्षांनी तिथे पूर्वीचा एकही चेहरा उरत नाही. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळात तरुणपणी वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता साठीतही मांडवात खुर्ची टाकून बसलेला असतो, त्यामुळे मंडळाची आठवण माणसांतच जपली जाते. चॅप्टरला ती सोय नाही. शपथा, चिन्हे, गुप्त विधी, थोरल्या सदस्याने धाकट्याचा हात धरण्याची पद्धत, माजी सदस्यांच्या हातातील घर, हा सगळा खटाटोप बाहेरून पोरकट दिसतो खरा, पण दर चार वर्षांनी रिकामी होणारी संस्था तशीच पुढे चालू ठेवणे हे त्यामागचे काम असते.

या प्रकाराचे मूळ बरेच जुने आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ ही गुप्त चर्चामंडळी काढली. ग्रीक अक्षरांचे नाव, हस्तांदोलनाची खूण, शपथ हे सारे तिच्यापासून रूढ झाले. पुढे तिची शाखा येल आणि हार्वर्डमध्ये निघाली आणि १८३१ मध्ये हार्वर्डच्या शाखेने गुप्तता सोडून दिल्यावर ती हळूहळू गुणवंत विद्यार्थ्यांना मान देणारी संस्था बनली, जी ती आजही आहे. आज ज्यांना आपण फ्रॅट म्हणतो त्यांची वंशावळ मात्र न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजपासून सांगतात. तिथे १८२५ मध्ये ‘कॅपा अल्फा सोसायटी’ निघाली आणि दोनच वर्षांत ‘सिग्मा फाय’ आणि ‘डेल्टा फाय’ या आणखी दोन मंडळ्या उभ्या राहिल्या. त्या काळची कॉलेजे धर्मगुरूंच्या कडक देखरेखीखाली चालत आणि अभ्यासक्रम पाठांतराचा असे, तेव्हा मुलांनी शिक्षकांच्या नजरेआड स्वतःचे एक जग तयार केले. कॉलेजप्रमुखांना ते खपत नव्हते आणि बंदीचे प्रयत्न पुष्कळ झाले, पण ते फारसे टिकले नाहीत.

कॉर्नेलमध्ये परिस्थिती उलटी होती. एझ्रा कॉर्नेल या उद्योजकाने कोणालाही कोणताही विषय शिकता यावा या हेतूने स्थापन केलेले हे विद्यापीठ १८६८ च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि फ्रॅटर्निटी पहिल्याच वर्षी तिथे आल्या. पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट स्वतः येलमध्ये असताना फ्रॅटर्निटीचे सदस्य होते आणि त्यांचा या मंडळ्यांना उघड पाठिंबा होता. त्यामागे एक व्यवहारी कारणही होते. मुलांसाठी वसतिगृहे बांधायला विद्यापीठाजवळ पैसा नव्हता, आणि चॅप्टर स्वतःच्या खर्चाने घरे बांधायला तयार होते. पुरुष विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहे उभी राहायला पहिल्या महायुद्धाचा काळ उजाडावा लागला. म्हणजे चाळीसएक वर्षे कॉर्नेलमध्ये राहणे, जेवणे, जुन्या प्रश्नपत्रिका मिळवणे, ओळखी करून घेणे यांतले बरेचसे काम ज्या घरांतून होत असे, त्या घरांत कोणी यायचे हे विशी-बाविशीची मुले मतदानाने ठरवत होती. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढचे समजते.

विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलमध्ये थोडे कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. प्रवेशाला रंगाची आडकाठी नव्हती, पण गोऱ्या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटींचे दार त्यांना बंद होते, आणि त्यामुळे वर सांगितलेली सारी व्यवस्थाही बंद होती. विद्यापीठ डोंगरावर आणि गाव खाली, कायुगा सरोवराच्या काठच्या सपाटीवर, अशी इथाकाची रचना आहे. हे विद्यार्थी खाली गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे खोली घेऊन राहत आणि रोज चढ चढून वर्गात जात. काही जण तर डोंगरावरच्या फ्रॅटर्निटी हाउसमध्येच जेवण वाढण्याचे काम करून शिक्षणाचा खर्च भागवत. ज्या मंडळीत आपल्याला प्रवेश नाही तिची आतली घडण त्यांनी ताटे उचलता उचलता पाहिली, असे संस्थेच्या इतिहासात सांगितले जाते, आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

१९०५ च्या शैक्षणिक वर्षात सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॉर्नेलला परतलेच नाहीत. वर्गात कोणी बोलायला नाही, अभ्यासाला सोबती नाही, आजारी पडलो तर विचारणारे नाही, अशा स्थितीत हुशार मुलेही गळतात. उरलेल्यांनी ही गळती थांबवायची ठरवले आणि सी. सी. पॉइंडेक्स्टर या कृषिविद्येच्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने एक अभ्यासमंडळ सुरू केले. बैठका गावातल्या घरांत होत. ईस्ट स्टेट स्ट्रीटवरील सिंगलटन कुटुंबाचे घर त्यांपैकी एक. तिथे वाचन होई, चर्चा होई, आणि बहुधा त्याहून महत्त्वाचे म्हणजे आठवड्यातून एकदा आपल्यासारखी माणसे भेटत.

वर्षभरात मंडळात मतभेद झाला, आणि मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत रंजक भाग वाटतो. एका गटाला हे साहित्यमंडळच राहावे असे वाटत होते, पॉइंडेक्स्टर त्यांच्यातले. फ्रॅटर्निटी हा गोऱ्या श्रीमंत मुलांचा प्रकार, त्याला लागणारी परंपरा आपल्याजवळ नाही, मग त्याची नक्कल कशाला, असा त्यांचा विचार. शिवाय जी संस्था इतरांना वगळण्यावर उभी आहे तिच्यासारखीच संस्था वगळल्या गेलेल्यांनी काढावी का, हा प्रश्न त्यात दडलेला होताच. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की साहित्यमंडळ चालवणारे विद्यार्थी पदवी घेऊन गेले की मंडळ बंद पडते. शपथ घेतलेला, जन्मभराचा सदस्य मात्र गेल्यावरही बांधलेला राहतो. ४ डिसेंबर १९०६ रोजी दुसऱ्या गटाचे मत मान्य झाले. पॉइंडेक्स्टर बाजूला झाले आणि जॉर्ज बिडल केली हे नव्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. तत्त्वाच्या बाजूने पाहिले तर पॉइंडेक्स्टर यांचा आक्षेप हलका नव्हता. पण गळती थांबवण्याचा उपाय म्हणून दुसऱ्या गटाचा हिशेब अचूक ठरला.

संस्थापक म्हणून आज सात नावे घेतली जातात आणि त्यांना ‘सात रत्ने’ म्हणतात. हेन्री आर्थर कॅलिस पुढे डॉक्टर झाले. चार्ल्स हेन्री चॅपमन कृषिविद्येचे प्राध्यापक झाले, तर नॅथॅनिएल ॲलिसन मरी शिक्षक झाले. केली अभियंता होते आणि रॉबर्ट हॅरल्ड ओगल यांनी वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या एका समितीच्या कार्यालयात नोकरी केली. अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेतून कॉर्नेलला आलेले व्हर्टनर वुडसन टँडी न्यूयॉर्क राज्यातील पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाले. केसांच्या प्रसाधनांच्या धंद्यात नाव आणि पैसा कमावलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांचा हडसन नदीकाठचा वाडा त्यांनीच बांधला. युजीन किंकल जोन्स यांनी पुढे १९४१ पर्यंत ‘नॅशनल अर्बन लीग’ या शहरांतील कृष्णवर्णीयांसाठी झटणाऱ्या संस्थेचे काम सांभाळले. ही यादी आज पक्की वाटते, पण ती तशी नव्हती. संस्थापकांत आधी जेम्स मॉर्टन यांचे नाव होते आणि जोन्स यांचे नाव त्यांच्या जागी १९५२ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर सेहेचाळीस वर्षांनी, ठरावाने आले. चॅप्टरचा इतिहास वाचताना हे ध्यानात असावे: तो सदस्यांनीच, सदस्यांसाठी लिहिलेला असतो आणि सभेत मंजूर झालेला असतो. अल्फा फाय अल्फाचे भाग्य एवढे की तिचा इतिहास चार्ल्स वेस्ली या हार्वर्डच्या डॉक्टरेट झालेल्या इतिहासकाराने १९२९ मध्येच लिहून काढला. बहुतेक चॅप्टरांच्या वाट्याला जुने फोटो आणि ऐकीव गोष्टी एवढेच येते.

एका विद्यापीठातला एकटा चॅप्टर म्हणजे शेवटी एक क्लबच, त्यामुळे विस्तार लगेच सुरू झाला. १९०७ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दुसरा आणि रिचमंडच्या व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात तिसरा चॅप्टर निघाला. त्यांना ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने बीटा, गॅमा अशी नावे मिळाली आणि कॉर्नेलचा मूळ चॅप्टर अर्थातच अल्फा. वर्णमाला संपली की दोन अक्षरांची नावे सुरू होतात. ओमेगा हे शेवटचे अक्षर मात्र कोणत्याही विद्यापीठाला दिलेले नाही. सदस्य वारला की तो ‘ओमेगा चॅप्टरमध्ये गेला’ असे म्हणतात. १९११ मध्ये केंटकीतील लुईव्हिल येथे पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी स्वतंत्र चॅप्टर निघाला आणि माझ्या मते ही संघटना गोऱ्या फ्रॅटर्निटींपासून इथेच खरी वेगळी झाली. त्या मंडळ्यांत माजी सदस्य मुख्यतः घराच्या डागडुजीला देणगी देतो आणि फुटबॉलच्या सामन्याला येतो. कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटींत तो गावोगावच्या पदवीधर चॅप्टरमध्ये काम करत राहतो, आणि संघटनेचा भार मुलांपेक्षा या प्रौढांवर अधिक असतो. घर नसल्याची उणीव त्यांनी अशी भरून काढली.

चॅप्टरचा रोजचा कारभार कसा चालतो, हेही थोडक्यात सांगायला हवे. गोऱ्या मुलांच्या पारंपरिक फ्रॅटर्निटीत सत्राच्या सुरुवातीला ‘रश’ असतो. नवे विद्यार्थी घराघरांत जाऊन जेवतात, गप्पा मारतात, रात्री सदस्य बसून एकेका नावावर खल करतात आणि पसंत पडलेल्याला ‘बिड’ म्हणजे आमंत्रण देतात. आमंत्रण स्वीकारणारा काही आठवडे उमेदवार असतो. या काळात तो संस्थेचा इतिहास आणि संस्थापकांची नावे पाठ करतो, त्याला एक थोरला भाऊ नेमून दिलेला असतो, आणि शेवटी बंद दाराआड दीक्षाविधी होतो. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ही पदे विशीतली मुलेच सांभाळतात. वर्गणीतून जेवण, घरभाडे, मध्यवर्ती संघटनेची पट्टी आणि विम्याचा हप्ता भागवावा लागतो. घर मुलांच्या नावावर नसते. माजी सदस्यांची एक वेगळी संस्था बहुधा त्याची मालक असते, काही ठिकाणी विद्यापीठ मालक असते. त्यामुळे चॅप्टर बंद करण्याचा निर्णय एकीकडे आणि घराची मालकी दुसरीकडे, असा पेच वारंवार पडतो. सनद गेली, तरी दहा वर्षांनी माजी सदस्य त्याच घरात नवी मुले आणून चॅप्टर पुन्हा उभा करू शकतात. फक्त पुरुषांना प्रवेश देणे कायद्यात कसे बसते, असाही प्रश्न पडतो. शिक्षणातील लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा केंद्रीय कायदा आहे, पण १९७४ मध्ये त्यात दुरुस्ती करून फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींच्या सदस्यत्वाला त्यातून वगळण्यात आले.

रंगाची अट बराच काळ लेखी होती. अनेक फ्रॅटर्निटींच्या घटनेत सदस्य गोरा आणि ख्रिस्ती असावा असे कलम होते आणि ती कलमे हटायला दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन दशके गेली. अल्फा फाय अल्फाने आपली वंशाची अट १९४० च्या दशकातच काढून टाकली. त्याआधी ती अभ्यासमंडळाच्या कक्षेबाहेर कितीतरी पुढे गेली होती. १९२० च्या सुमारास ‘हायस्कूलला जा, कॉलेजला जा’ ही मोहीम चॅप्टरांमार्फत सुरू झाली. १९३५ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या विधिशाखेने डोनाल्ड गेन्स मरी या कृष्णवर्णीय तरुणाला प्रवेश नाकारला, तेव्हा चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि थर्गुड मार्शल हे फ्रॅटर्निटीचेच दोन सदस्य त्याच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले आणि जिंकले. रेल्वेच्या भोजनडब्यात कृष्णवर्णीयांना पडद्याआड बसवण्याविरुद्ध एल्मर हेंडरसन यांनी लढवलेला आणि १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला खटला याच संघटनेच्या पाठबळावर चालला. मार्टिन ल्यूथर किंग धाकटे यांनी १९५२ मध्ये बॉस्टनला डॉक्टरेट करत असताना तिथल्या सिग्मा चॅप्टरमध्ये दीक्षा घेतली, आणि वॉशिंग्टनमधील त्यांच्या स्मारकाची कल्पना फ्रॅटर्निटीच्या सदस्यांनीच १९८४ मध्ये मांडली. ते स्मारक २०११ मध्ये खुले झाले. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हेही या संघटनेचे सदस्य. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागण्यासाठी ज्यांना पत्र लिहिले, तेच हे डुबॉइस.

वगळले गेलेल्यांनी स्वतःची मंडळी काढायची, ही वाट पुढे अनेकांनी धरली. ज्यू विद्यार्थ्यांनी धरली, आणि भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनीही धरली. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे १९९४ मध्ये ‘आयोटा नू डेल्टा’ आणि टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९९८ मध्ये ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ या दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी स्थापन झाल्या. आज अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलाला फ्रॅटचे आमंत्रण आले, तर ते अशा मंडळीकडूनही असू शकते.

आता काळ्या बाजूकडे यायलाच हवे. उमेदवाराचा छळ करण्याच्या पद्धतीला अमेरिकेत ‘हेझिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या रॅगिंगशी त्याचे नाते जवळचे आहे, पण एक फरक आहे. रॅगिंग नव्या मुलावर लादले जाते. हेझिंगला मुलगा स्वतःहून, आत घेतील या आशेने, सामोरा जातो आणि म्हणून तक्रार करत नाही. कॉर्नेलचे नाव इथेही पहिल्या ओळीत येते. १८७३ च्या ऑक्टोबरात मॉर्टिमर लेगेट या नव्या विद्यार्थ्याला कॅपा अल्फा सोसायटीच्या दीक्षेसाठी रात्री डोळे बांधून गावाबाहेर नेण्यात आले आणि तो घळीत कोसळून मरण पावला. फ्रॅटर्निटीशी निगडित मृत्यूंच्या नोंदींत ही घटना अगदी आरंभीची मानली जाते. त्यानंतर जवळजवळ दीड शतक उलटले, तरी २०११ मध्ये त्याच विद्यापीठात दुसऱ्या एका फ्रॅटर्निटीच्या घरात विधीच्या नावाखाली दारू पाजल्याने एक विद्यार्थी दगावला. तत्कालीन अध्यक्ष डेव्हिड स्कॉर्टन यांनी त्यानंतर उमेदवारीची पद्धत मोडीत काढण्याची जाहीर भूमिका घेतली.

कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटीही या बाबतीत निर्दोष नाहीत. तिथे एका वेळचे उमेदवार एका रांगेत, एका चालीत, एकाच पोशाखात आठवडेच्या आठवडे वावरत. त्या तुकडीला ‘लाइन’ म्हणतात आणि तिच्यात निर्माण होणारी जवळीक सदस्य म्हातारपणीही अभिमानाने सांगतात. मारहाणही त्याच रांगेत होई. १९८९ मध्ये अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजमध्ये अल्फा फाय अल्फाच्या एका उमेदवाराचा मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी सर्व प्रमुख कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींनी उमेदवारीचा काळच रद्द करून अर्ज, मुलाखत, थोडे प्रशिक्षण आणि दीक्षा अशी छोटी पद्धत आणली. कागदावर ती स्वच्छ आहे. प्रत्यक्षात अनेक चॅप्टरांत जुनी पद्धत चोरून चालू राहिली, कारण अर्ज भरून आलेल्याला जुने सदस्य ‘कागदी’ म्हणून हिणवतात आणि मुलाला ते मार खाण्यापेक्षा अवघड वाटते. चार वर्षांत माणसे बदलणाऱ्या संस्थेला निष्ठा झटपट रुजवायची असते आणि एकत्र सोसलेल्या त्रासाइतकी झटपट ती दुसऱ्या कशाने रुजत नाही. चॅप्टर ज्या गरजेतून टिकतो, त्याच गरजेतून हा आजारही येतो. म्हणूनच केवळ बंदीच्या परिपत्रकाने तो जात नाही.

या विषयावरचा पहिला केंद्रीय कायदा अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरात झाला. त्यानुसार विद्यापीठांना हेझिंगच्या घटनांची आकडेवारी द्यावी लागते, आणि चौकशीत दोषी ठरलेल्या संघटनांची नावे, काय घडले आणि काय कारवाई झाली यांसह, सर्वांना पाहता येतील अशी प्रसिद्ध करावी लागतात. कॉर्नेल अशी यादी हा कायदा होण्याच्या बऱ्याच आधीपासून देत आले आहे. मुलाने किंवा मुलीने आमंत्रण आल्याचे घरी सांगितले, तर चॅप्टरचे नाव विचारून घ्यावे आणि त्या विद्यापीठाच्या यादीत ते आधी शोधावे. विचारताना राष्ट्रीय संघटनेचे नाव पुरत नाही, कारण त्याच ग्रीक अक्षरांखाली एका विद्यापीठातला चॅप्टर शिकवण्या घेत असतो आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या चॅप्टरची सनद गेलेली असते.